पाचशे पिल्लं आणि सासूबाईंचं विरजण

आमच्या घरातलं विरजण आमच्या लग्नापेक्षा जुनं आहे आणि लग्नापेक्षा चांगलं टिकलं आहे, असं माझी बायको मृणालिनी पाहुण्यांसमोर सांगते. यातलं पहिलं विधान खरं आहे. दुसऱ्यावर मी पाहुण्यांसमोर वाद घालत नाही.

विरजण मूळ सासूबाईंचं. लग्न होऊन गिरगावातल्या आमच्या खोलीत आली तेव्हा मृणालिनीने ते माहेराहून चिनी मातीच्या छोट्या सटात आणलं होतं. पुढे आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये जागा घेतली. सामानाच्या टेम्पोत कपाटाचा आरसा फुटला, माझी आरामखुर्ची कायमची लंगडी झाली, पण सट मृणालिनीच्या मांडीवर बसून सुखरूप आला. रोज रात्री दूध विरजायचं, रोज सकाळी चमचाभर दही मागे ठेवायचं, असं ते इतकी वर्षं चाललं होतं. एकदाही मोडलं नव्हतं. सासूबाईंचे त्याबाबत नियम होते. मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही, वाटी रिकामी परत करायची नाही, आणि दिवेलागण झाली की प्रत्यक्ष देव दारात आला तरी विरजण द्यायचं नाही, घरातली लक्ष्मी जाते. सासूबाई ब्याण्णव साली गेल्या. त्यांच्या पश्चात मृणालिनीच्या वाट्याला एक नऊवारी आणि एक चष्म्याचं घर आलं. "आईच्या हातचं म्हणावं असं आता एवढंच उरलंय," असं ती सटाकडे बघून म्हणायची, आणि मी पेपरात डोकं घालायचो, कारण अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही.

आता या विरजणाचा आणि ब्रॉयलर कोंबड्यांचा संबंध कसा आला, ते सांगतो.

आमच्या ऑफिसात डिस्पॅचला दशरथ पाटील होता. राहणार मुर्धा, जातीचा कोळी, स्वभावाने इतका आशावादी की बॉसने मेमो दिला तरी त्याला त्यात कौतुक दिसायचं. जुन्या मिठागराजवळ त्याच्या वडिलांची वखार रिकामी पडली होती. चौऱ्याण्णव साली मीरा रोड-भाईंदरला रोज एक नवी बिल्डिंग उभी राहत होती आणि प्रत्येक बिल्डिंगखाली एक चिकन सेंटर निघत होतं. दशरथ म्हणाला, "पेंडसेसाब, आपुन कोंबऱ्या पाळू." भांडवल निम्मं-निम्मं, जागा त्याची, राबणं त्याच्या बायकोचं, म्हणजे शांताबाईचं, आणि ज्ञान माझं. ज्ञान म्हणजे वाचनालयातून आणलेलं कुक्कुटपालनाचं पुस्तक. त्याची सुरुवातीची पानं कोणीतरी फाडून नेली होती, त्यामुळे माझं ज्ञान पिल्लू शेडात आल्यानंतर सुरू होत असे.

आमच्या घरात अंडंही येत नाही. मी बाहेर काय खातो, हा मृणालिनीच्या मते माझा आणि चित्रगुप्ताचा प्रश्न आहे. तिने एवढंच सांगितलं, की तुमच्या त्या शेडात मी पाऊल टाकणार नाही, आणि तिथून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही.

पाचशे पिल्लं आली. पिवळी, गोल, टाचणीच्या माथ्याएवढ्या डोळ्यांची. पहिले दोन आठवडे मी ऑफिसात नफ्याच्या गोष्टी इतक्या केल्या की हेडक्लार्क मला शेठ म्हणू लागले. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन, पंख पाडून, डोळे मिटून बसायला लागली. मागून पांढरट, चिकट हगवण. शांताबाईने नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून शेडातच निखाऱ्यावर टाकल्या. त्यानंतर मी, दशरथ, शांताबाई आणि पाचशे पिल्लं असे सगळे एकदम शिंकलो. कोंबडी शिंकते, हे पुस्तकात नव्हतं. बहुधा फाटलेल्या पानांत असावं.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निरोप आला, मेलेलं पिल्लू घेऊन या. ते मी मिठाईच्या खोक्यात घालून रिक्षाने नेलं. खोका मांडीवर धरून बसलेला मध्यमवर्गीय माणूस बघून रिक्षावाल्याने विचारलं, "क्या साब, लडका हुआ?" मी नाही म्हणालो. "कोई बात नहीं," तो म्हणाला, "लडकी भी लक्ष्मी होती है."

दवाखान्यातल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं.

"नाव?"

"पेंडसे."

"जनावराचं."

रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा असे रकाने होते. कोंबडी 'इतर'मध्ये बसली. 'इतर' गुरुवारी तपासतात, असं कळलं. त्या दिवशी मंगळवार होता. मी म्हटलं, अहो, गुरुवारपर्यंत या खोक्याची काय अवस्था होईल? कारकून शांतपणे म्हणाला, "पेशंट आता कुठे जाणार आहे?" मीही एका कचेरीत नोकरी करतो, आणि खिडकीच्या आतल्या बाजूने हेच वाक्य मी किती सहज बोललो असतो, या विचाराने मी फारच दुखावलो.

सुदैवाने तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. डॉ. नीरज सावे, अगदी पोरगेलासा, पण माणूस मायेचा. त्यांनी तिथल्या तिथे पिल्लू कापून पाहिलं, नमुना तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला बोलावून सांगितलं, "ई. कोलाय आहे. जिवाणूंचं इन्फेक्शन."

दशरथ ताठ झाला. "ई कोली?"

"कोलाय. काही लोक कोलीही म्हणतात."

"म्हंजे रोगाच्या जंतूला आमच्या जातीचा नाव?"

डॉक्टरांनी समजावलं की हे नाव परदेशात ठेवलेलं आहे, ठेवणाऱ्याने मुर्धा पाहिलंही नसेल. दशरथला ते पटलं नाही. "नाव ठेवनारे आमच्या कोलीवाड्यात येऊन म्हावरा खाऊन गेले असतील," तो म्हणाला, "आनि पैसे बुरवले असतील."

डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला प्रतिजैविक लिहून दिलं. पिल्लं सावरली, दाणे टिपायला लागली. औषध संपलं तशी पुन्हा पंख पाडून बसली. पुन्हा औषध, पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, सारखं तेच औषध दिलं की जंतू सरावतात, आणि पोटातले चांगले जंतू उगाच मरतात. बाहेरच्या देशांत आता उलटं करून बघतायत, चांगले जंतूच पाजतात. प्रोबायोटिक म्हणतात त्याला. चांगल्यांनी जागा धरली की वाइटांना बसायला जागा मिळत नाही.

"मग ते द्या," मी म्हटलं.

"पावडर येते, पण मोठ्या फार्मवाल्यांसाठी, मोठ्या पिंपात. तुम्हाला मिळणार नाही. तत्त्व मात्र आपल्या दह्याचंच आहे."

"मग दही लिहून द्या."

"सरकारी औषधांच्या यादीत दही नाही, पेंडसे," डॉक्टर दुःखाने म्हणाले. "आणि त्याने गुण येईलच असं मी सांगू शकत नाही. पण अपाय तरी नाही. ताजं, चांगलं, जिवंत दही पाहिजे. खात्रीच्या घरचं."

परतताना दशरथ म्हणाला, "पेंडसेसाब, वाईट जंतू कोली आनि चांगला जंतू तुमच्या घरच्या दह्यातला. यो शास्तर लिवनारा कोन व्हता, मना त्याचा पत्ता द्या."

खात्रीचं घर एकच होतं. मी मृणालिनीपुढे विषय काढला तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"आईचं विरजण कोंबड्यांना?" लाटणं थांबलं. "माझी आई सोवळ्यात स्वयंपाक करायची, माहितेय ना? पारोशाने दह्याच्या भांड्याकडे बघितलेलंही तिला चालायचं नाही."

मी पेपर उघडला. पुढच्या तीन पोळ्या फुगल्याच नाहीत. मग तिने विचारलं, "केवढी आहेत पिल्लं?" मी तळवा पुढे करून दाखवला. ती तळव्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याशेजारी झाकलेली वाटी होती. "शांताबाईंना सांगा, रोज थोडं मागे ठेवायचं. काहीही झालं तरी मोडू द्यायचं नाही. आणि वाटी रिकामी पाठवू नका म्हणावं." वाटी परत आली तेव्हा तिच्यात सुके बोंबील होते. त्या वाटीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

पाचशे पिल्लांना पुरेल एवढं दही एका वाटीतून लगेच होत नाही. सुरुवातीला आमच्याच घरात पातेली लावायला लागली. दिवाणाखाली पातेलं, टीव्हीवर पातेलं, जिन्याच्या कोपऱ्यात पातेलं. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन चौकशीला आल्या. या बाई दह्यातल्या जाणकार; विरजण त्यांनीही मृणालिनीकडूनच नेलेलं. कंदमुळं न खाणाऱ्या घरात कोंबड्यांचं नाव कसं काढायचं, म्हणून मी नुसतं म्हणालो, "पिल्लं आजारी आहेत. मुर्ध्याला. पेट खराब हो गया है."

"अरेरे! कितने बच्चे हैं?"

"पाँच सौ."

हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मुर्ध्याला एखादी आश्रमशाळा आहे. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या जिना चढून गेल्याही होत्या. संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या विंगेत बातमी पोचली की पेंडसेभाई पाचशे गरीब मुलांना दही पाजतात. घराघरांतून दुधाच्या पिशव्या आल्या. कोणी जिरेपूड पाठवली. ज्या माणसाला कालपर्यंत कोणी पार्किंगमध्ये नमस्कार करत नव्हतं, त्याला लोक लिफ्टमध्ये जागा करून देऊ लागले. माणसाची चुकीच्या कारणासाठी का होईना इज्जत वाढत असेल, तर ती अडवायची कशी, हे मला अजूनही कळलेलं नाही.

इतकं करून पिल्लं मात्र तशीच. आठवडाभर दही पाजलं, गुण शून्य. शेवटी डॉ. सावे स्वतः शेडात आले. दह्याचा वास घेतला, खूश झाले. मग पाण्याच्या पिंपाचा वास घेतला.

"हे पाणी कुठलं?"

"टँकरचं," मी अभिमानाने म्हणालो. "एकदम शुद्ध."

"अहो, ते शुद्ध कशाने करतात? ब्लीचिंग पावडरने! जंतू मारायच्या पाण्यात तुम्ही जंतू घालताय! आणि ही पिवळी पावडर? औषध अजून चालूच?"

दशरथ म्हणाला, "मी बोललो, दोनी औषधा एकदम दिली तं दुप्पट गुन येल."

डॉक्टर शेडाच्या उंबऱ्यावर बसले आणि पोट धरून हसले. आम्ही सासूबाईंचं विरजण आठवडाभर एका हाताने पाजत होतो आणि दुसऱ्या हाताने मारत होतो. त्या दिवसापासून औषध बंद, टँकर बंद. शांताबाई दारच्या विहिरीचं पाणी उकळून, थंड करून त्यात दही घुसळू लागली.

पिल्लं नुकती कुठे मान वर करू लागली होती, तोच एका संध्याकाळी दशरथ धापा टाकत आमच्या दारात आला. मांजराने शेडातलं दह्याचं गाडगं उपडं केलं होतं. मागे ठेवलेलंही त्यातच होतं. "वयनी, वाईच विरजन द्या."

मृणालिनीने नुकताच देवापाशी दिवा लावला होता. तिने दिव्याकडे पाहिलं, सटाकडे पाहिलं. "दशरथभाऊ, दिवेलागण झाली हो. आई सांगायची..."

"व्हय व्हय," दशरथ लगेच म्हणाला. "आमच्यातपन न्हाय देत." त्याने चहा घेतला, मृणालिनीच्या गेलेल्या आईबद्दल आस्थेने विचारलं आणि निघाला. पहाटे येऊन विरजण घेऊन गेला.

त्या रात्रीत बरीच पिल्लं गेली. डॉक्टर म्हणाले, ती जायचीच होती, संध्याकाळी दही मिळालं असतं तरी फरक पडला नसता. मी हे मृणालिनीला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तळवा दाखवला होतात ना, एवढी होती ती." त्या दिवशी ती जेवली नाही. दशरथ किंवा शांताबाई याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

उरलेली पिल्लं मात्र जगली. दह्याने जगली, उकळलेल्या पाण्याने जगली की शांताबाईने रोज शेड घासून धुतलं म्हणून जगली, हे डॉ. सावेंनाही सांगता आलं नाही. शांताबाईने निकाल दिला, "बायचं विरजन गुनाचा हाय." कोंबड्या अशा टपोऱ्या झाल्या की माझ्याकडे बघून चालत येऊ लागल्या, आणि मीच मागे सरकू लागलो.

आणि नेमक्या अशाच एका रविवारी हंसाबेन बिस्किटांचे पुडे घेऊन रिक्षात बसल्या. त्यांना बरी झालेली मुलं पाहायची होती. मी रस्ताभर खुलासा करायचा प्रयत्न केला, पण त्या गरीब मुलांच्या आईबापांबद्दल विचारत राहिल्या. शेडाच्या दारात त्या थबकल्या.

"ये बच्चे हैं?"

"पिल्लं म्हणालो होतो मी," मी पुटपुटलो.

फक्त कोंबड्या बोलत होत्या. मग हंसाबेनने विचारलं, "अच्छे हो गये सब? अब आगे इनका क्या होगा?"

दशरथला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच दोष आहे. "पुढच्या बुधवारी गावात लगनाची हलद हाय, कोंबऱ्यांचा जेवान," तो म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

हंसाबेनने डोळे मिटून हात जोडले. उघडून म्हणाल्या, "पेंडसेभाई, जीव बचाया, वो पुण्य मेरा. बुधवार का हिसाब तुम्हारा." आणि बिस्किटांचे पुडे फोडून त्यांनी स्वतःच्या हाताने चुरा करून टाकला. येताना रिक्षाचे पैसे माझ्याकडून घेतले, दुधाचेही मागतील असं मला वाटलं होतं. मागितले नाहीत. उलट जमेल तेव्हा दूध पाठवत राहिल्या. सोसायटीत मात्र माझी लिफ्टमधली जागा गेली, आणि फळ्यावर नोटीस लागली: 'सभासदांनी जिन्यात दही लावू नये. हुकुमावरून.' देशात अशी नोटीस फक्त आमच्यावर लागली असावी.

हळद झाली, चिकन सेंटरवाल्यांनी उरलेल्या उचलल्या, आणि दशरथने नवी पाचशे पिल्लं भरली. यावेळी पहिल्या दिवसापासून विहिरीचं पाणी आणि गाडग्यातलं दही.

मे महिन्यात आमच्या कॉम्प्लेक्सचा ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस वीज नाही, फ्रिज बंद. तक्रार नोंदवायला गेलो तर खिडकीवर कळलं की ज्याने तक्रार घ्यायची तो माणूस आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतो आणि उकाड्यामुळे गावी गेलाय. तिसऱ्या दिवशी सकाळी मृणालिनीने सटाचं झाकण काढलं. दह्यावर गुलाबी बुरशी होती, चमच्याला तार येत होती. ती वर हंसाबेनकडे गेली, शेजारी गेली, ज्यांना ज्यांना विरजण दिलं होतं त्या सगळ्यांकडे गेली. सगळ्यांचं गेलं होतं. सगळ्यांच्या घरी एकच ट्रान्सफॉर्मर.

तिने सट घासला, पुसला आणि ओट्यावर पालथा घातला. "बाजारातून आणू थोडं विरजण," मी म्हणालो. ती म्हणाली, "आणा की. बाजारचं दही होईल." आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला पेपर सापडेना. सापडला असता तरी मी उघडला नसता.

मग ऑफिसात दशरथला पाहिलं आणि एकदम मला आठवलं. संध्याकाळी ऑफिसातून येताच तिला म्हटलं, साडी बदलू नकोस, चल. कुठे ते रिक्षात बसल्यावर सांगितलं. तिने सट पदराखाली घेतला होता.

मुर्ध्याला पोचलो तेव्हा शांताबाई तुळशीपाशी दिवा लावून उठत होती. मृणालिनीने तो दिवा पाहिला आणि रिक्षातून उतरता उतरताच तिचा चेहरा पडला. सगळं सांगून झाल्यावर तीच म्हणाली, "पण आता नको. दिवेलागण झाली. मी सकाळी येते, शांताबाई."

ती मागची संध्याकाळ आम्हा चौघांनाही आठवत होती. दशरथ आपल्या चपलांकडे बघत होता. मला वाटलं, आता शांताबाई 'व्हय व्हय' म्हणेल, आणि तिने म्हटलं असतं तर मला तोंड उघडायला जागा नव्हती.

शांताबाईने मृणालिनीचा हात धरला. "चल बाय, आत."

"आत?"

"शेडात."

जी बाई शेडात पाऊल टाकणार नव्हती, ती चपला काढून आत गेली, देवळात जावं तशी. आत लख्ख उजेड होता. ओळीने बल्ब पेटले होते आणि पाचशे पिल्लं दाणे टिपत होती.

"बग," शांताबाई म्हणाली. "कोंबऱ्यांना रात समजली तं खात न्हाय. म्हनून हितं दिसरात बलप पेटते. या शेडात दिवेलागन व्हतच न्हाय, बाय. मग कसली तिनीसांज? घे."

गाडग्यावर ओलं फडकं होतं. मृणालिनीने ते बाजूला केलं, बोट बुडवलं आणि चाटलं. आंघोळ झाल्याशिवाय मला स्वयंपाकघरात न घेणारी माझी बायको, कोंबड्यांच्या भांड्यातलं दही चाखत होती. "आईचंच आहे," ती म्हणाली, आणि शांताबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "जरा आंबट झालंय का?" तेव्हा दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की दशरथने मला धरून बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेन वाटी घेऊन दारात उभ्या. "मृणालिनीबेन, वापस मिल गया? कहाँ से?"

"मायके से," मृणालिनी म्हणाली.

हंसाबेन चपापल्या. "लेकिन मायके में तो अब कोई नहीं है ना?"

मृणालिनीने वाटीत दही घातलं, वर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "है ना. पाँच सौ है."